धमन्यांचं जन्मापूर्वीचं आयुष्य

इंग्लंडमधल्या हर्टफोर्डशर परगण्यात १९११ पासून एक दंडक होता. मूल जन्मलं की सुईण त्याचं वजन करी, वर्षभर परिचारिका घरी फेऱ्या मारत आणि मूल वर्षाचं झालं की पुन्हा तराजू निघे. एथेल मार्गारेट बर्नसाइड या प्रमुख परिचारिकेने ही शिस्त लावली. बाळ अंगावर पितं की बाटलीने, दात किती आले, हेही वहीत उतरे. अनेक दशकांनी साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी या वह्यांपर्यंत पोहोचले. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून त्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापला: जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं.

शंका लगेच आल्या, आणि त्या रास्तच होत्या. गरिबाघरी बाळ लहान जन्मतं आणि पुढेही त्याचे हाल होतात. मग दोष गर्भातल्या दिवसांचा की दारिद्र्याचा?

उत्तर शोधायचं तर धमनीच्या भिंतीपर्यंत जावं लागतं. वारेतून येणारं रक्त अपुरं पडू लागलं की गर्भ त्याची वाटणी बदलतो. मेंदू आणि हृदयाला आधी. हातपाय, आतडी, मूत्रपिंडं यांना उरलंसुरलं. कलर डॉप्लरच्या पडद्यावर हे चक्क दिसतं. नाळेतल्या धमनीत दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणीही रक्त पुढे वाहत राहिलं पाहिजे. वार फारच बिघडली असेल तर त्या क्षणी प्रवाह थांबतो, कधी उलटाही फिरतो. गर्भाच्या हृदयाला मग वाढत्या विरोधापुढे रक्त ढकलावं लागतं.

नेमक्या याच काळात, गर्भावस्थेच्या शेवटच्या आठवड्यांत, महाधमनीच्या भिंतीत इलास्टिन नावाचं लवचिक प्रथिन भरलं जात असतं. हृदय आकुंचन पावलं की महाधमनी फुगते आणि मग आक्रसून रक्त पुढे सारते, ते याच्या जोरावर. गर्भावस्थेचा शेवट आणि जन्मानंतरचा सुरुवातीचा काळ संपला की इलास्टिन तयार होणं जवळजवळ थांबतं, आणि असलेलं दशकानुदशकं पुरवावं लागतं. मार्टिन आणि ग्रीनवॉल्ड या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलं की, वाढ खुंटलेल्या गर्भात हा साठाच तोकडा राहत असावा. ताठर धमन्या आणि वाढता रक्तदाब हे त्याचं पुढचं रूप. मला ही मांडणी सगळ्यांत पटते, कारण आजार पन्नाशीपर्यंत का दडून राहतो याचाही उलगडा तिच्यात आहे.

दुसरा धागा धमनीच्या आतल्या अस्तराचा. दंडावर पट्टा पाच मिनिटं आवळून सोडला की रक्ताचा लोंढा येतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंदावते. सोनोग्राफीने हे रुंदावणं मोजता येतं. कमी वजनाने जन्मलेल्या मुलांत शाळकरी वयातच ते कमी भरल्याचं आढळलं आहे. तिसरा धागा उरलंसुरलं रक्त मिळालेल्या मूत्रपिंडांचा: त्यांच्यातल्या गाळण्यांची संख्याही साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत कायमची ठरून जाते.

राहिला दारिद्र्याचा प्रश्न. तो कोंबडीच्या अंड्याने बराच सोडवला. केंब्रिजच्या डिनो जुसानी यांच्या गटाने सखल भागातल्या कोंबड्यांची अंडी बोलिव्हियातल्या ला पाझला, सुमारे ३,६०० मीटर उंचीवर, उबवली. पिल्लांची वाढ खुंटली. त्याच उंचीवर जादा ऑक्सिजन दिला तेव्हा ती सावरली. अंड्यात ना आईचा आहार आड येतो, ना वार, ना घरची परिस्थिती. ऑक्सिजनचा तुटवडा एकटाही वाढ रोखतो, हे त्यातून उघड झालं.

अर्थात कमी वजनाचं प्रत्येक बाळ वाढ खुंटलेलं नसतं; आणि जन्मवजनावरून एकेका माणसाचं भविष्य सांगणं म्हणजे पत्रिका मांडणं. हृदयविकाराच्या धोक्यातला फरक हजारोंच्या सरासरीत दिसतो.

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन. पण पुण्याच्या बाळांत स्नायू कमी असले तरी त्वचेखालची चरबी जवळपास टिकून होती, आणि नाळेतल्या रक्तात इन्शुलिन जास्त होतं. त्यांच्यापुढचा धोका मुख्यतः मधुमेहाचा, आणि रक्तातली वाढलेली साखर पोखरते ते धमनीचं हेच आतलं अस्तर.