रुपेरी मुखवट्याच्या नावाने

मेक्सिकोत एका पैलवानाच्या नावाने कुस्तीची स्पर्धा भरते आणि तिथे जमलेल्या हजारो माणसांपैकी जवळपास कुणीच त्याचा चेहरा पाहिलेला नसतो. स्पर्धेचं नाव ‘लेयेंदा दे प्लाता’, म्हणजे रुपेरी दंतकथा. पैलवानाचं नाव एल सांतो. डोक्यापासून हनुवटीपर्यंत चांदीच्या रंगाचा मुखवटा, खांद्यावर तसाच झगा. 1998 पासून, मधली काही वर्षं वगळता, राजधानीतल्या अरेना मेहिको या आखाड्यात ही स्पर्धा होत आली आहे. ती भरवणारी संस्था सीएमएलएल. मूळ संस्थेची स्थापना 1933 साली साल्वादोर लुतेरोथ यांनी केली, त्यामुळे ती जगातल्या सर्वांत जुन्या कुस्ती-संस्थांपैकी एक मानली जाते.

मी स्पॅनिशची दुभाषी. कामानिमित्त मेक्सिको शहरात राहायचे, ते अरेना मेहिको ज्या डॉक्टोरेस वस्तीत आहे तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर. माझ्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांनी बेजार, पण शुक्रवारी संध्याकाळी अरेनात जाण्यासाठी त्यांना कुणाचा हात लागत नसे. मला तिथे पहिल्यांदा त्यांनीच नेलं. “पोरी, देवळात जातेस ना? मग हेही बघून घे,” एवढंच म्हणाल्या. त्या आखाड्याला लोक ‘कुस्तीचं कॅथेड्रल’ म्हणतात, हे मला नंतर कळलं.

सांतोचं खरं नाव रोदोल्फो गुस्मान उएर्ता. जन्म 23 सप्टेंबर 1917 चा, इदाल्गो राज्यातल्या तुलान्सिंगो गावचा. लहानपणीच कुटुंब राजधानीत आलं आणि तेपितो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत राहिलं. 1930 च्या दशकात तो कुस्त्या धरू लागला, पण जम बसेना. एकदा त्याने ‘दुसरं वटवाघूळ’ या अर्थाचं नाव घेतलं. वटवाघूळ या नावाने खेळणारा पैलवान आधीपासून होता. त्याने कुस्ती-आयोगाकडे तक्रार केली आणि आयोगाने रोदोल्फोला ते नाव सोडायला लावलं. मग त्याचे व्यवस्थापक हेसुस लोमेली चांदीच्या रंगाचे कपडे घालणाऱ्या पैलवानांचा एक चमू उभा करत होते, त्यांनी त्याच्यापुढे तीन नावं ठेवली: संत, सैतान, देवदूत. त्याने पहिलं उचललं. 26 जुलै 1942 रोजी एल सांतो रिंगणात उतरला, आणि उसनं नाही, स्वतःचं नाव मिळालेला हा माणूस पुढे चाळीस वर्षं त्या नावाखाली जगला.

इथे मेक्सिकोच्या कुस्तीतले दोन पक्ष समजून घ्यायला हवेत. ‘तेक्निको’ म्हणजे नियमाने, डावपेचाने खेळणारा. ‘रुदो’ म्हणजे दांडगाई करणारा, पंचाची पाठ वळली की डोळ्यात बोट घालणारा. प्रेक्षकही तसेच वाटले जातात, आणि घरमालकीणबाईंसारख्या सज्जन आजीबाई रुदोंच्या बाजूने घसा फोडतात. सांतोने नाव संताचं घेतलं तरी पहिली वीस वर्षं तो रुदो होता. 1962 मध्ये तो तेक्निकोंच्या गोटात आला. तोवर सिनेमाने त्याला गरिबांचा कैवारी करून टाकलं होतं आणि पडद्यावरच्या माणसाला रिंगणात दांडगाई शोभेना.

सिनेमाचं सांगायलाच हवं, कारण त्याच्याशिवाय ही दंतकथा एवढी मोठी झाली नसती. 1952 पासून होसे जी. क्रूस यांनी त्याच्यावर चित्रकथा काढल्या. छायाचित्रं कापून, रेखाटनांत चिकटवून केलेली ती पानं मुलं एकमेकांच्या हातून हिसकावून वाचत. घरमालकीणबाईंकडे अशा अंकांचा एक गठ्ठा होता. शाईचा रंग उडालेला, टाचण्या गंजलेल्या, एका मुखपृष्ठावर कुणीतरी पेन्सिलीने बेरजा केलेल्या. त्या मला ते अंक हातात द्यायच्या नाहीत, मांडीवर ठेवून स्वतः पानं उलटायच्या. मग चित्रपट आले. पहिले दोन 1958 मध्ये क्यूबात चित्रित झाले, कास्त्रोंची क्रांती हवानात पोचण्याच्या उंबरठ्यावर. पुढे पन्नासाहून अधिक चित्रपटांत हा माणूस व्हँपायर स्त्रियांशी, वेड्या शास्त्रज्ञांशी, ग्वानाह्वातोच्या ममींशी लढला, तोही मुखवट्यासकट, सुटाबुटात असला तरी. जेवताना घालायला त्याच्याकडे हनुवटी मोकळी ठेवणारा वेगळा मुखवटा होता. परदेशी चित्रीकरणाला जाताना तो सहकाऱ्यांपासून वेगळा प्रवास करी, कारण विमानतळावर तपासणीला मुखवटा उतरवावा लागे.

एवढी काळजी का? त्या मुखवट्यावरच पैज लागते म्हणून. मेक्सिकोच्या कुस्तीत किताबाच्या पट्ट्यापेक्षा मोठी लढत असते ती पैजेची. मुखवटा विरुद्ध मुखवटा, किंवा मुखवटा विरुद्ध डोक्याचे केस. हरला तर मुखवटा तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर काढायचा आणि माइकवर सांगायचं: माझं खरं नाव अमुक, गाव तमुक, इतकी वर्षं या धंद्यात आहे. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येतं. एकदा हरलेला मुखवटा रीतीनुसार परत चढत नाही. 7 नोव्हेंबर 1952 रोजी अरेना कोलिसेओमध्ये सांतोने ब्लॅक शॅडोचा मुखवटा जिंकला. ब्लॅक शॅडोचा जोडीदार ब्लू डेमन. तो त्या पराभवाने पेटून उठला आणि पुढच्याच वर्षी त्याने सांतोकडून वेल्टरवेट गटाचा जागतिक किताब हिसकावून घेतला. सांतोने किताब गमावले, कुस्त्या गमावल्या. मुखवटा कधीच गमावला नाही. माझ्या मते त्याचं मोठेपण इथे आहे. त्याच्याहून बलदंड आणि त्याच्याहून चपळ पैलवान त्या काळातही होते, पण मुखवट्याला दिलेला शब्द इतकी वर्षं आणि इतक्या कडक रीतीने पाळणारा दुसरा नव्हता.

निवृत्तीनंतर, जानेवारी 1984 मध्ये, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने मुखवटा थोडासा वर केला. चेहऱ्याचा काही भाग दिसला, तेवढाच. 5 फेब्रुवारीला एका नाट्यगृहातल्या प्रयोगानंतर हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याला मुखवट्यासकटच पुरलं. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत ब्लू डेमन होता.

अशा माणसाच्या स्मरणार्थ काय करावं? पुतळा उभारता येतो, आणि तुलान्सिंगोत तो आहेही. पण कुस्तीच्या लोकांनी त्याच्या नावाने लढत ठेवली, हे मला फार योग्य वाटतं. स्पर्धेची रीत बहुतेक वर्षी अशी: पैलवानांचे दोन मोठे गट, दोन वेगवेगळ्या शुक्रवारी. प्रत्येक लढतीला ‘तोर्नेओ सिबेर्नेतिको’ म्हणतात. दोन चमू समोरासमोर येतात, ठरलेल्या क्रमाने रिंगणात उतरतात आणि चितपट झालेला किंवा शरण आलेला बाद होतो. असं करत शेवटी एकच उरला पाहिजे. म्हणजे उरलेले दोघं एकाच चमूतले असले तरी त्यांना आपसात भिडावं लागतं. दोन गटांतले दोन विजेते अंतिम लढतीला येतात.

अशाच एका सिबेर्नेतिकोत मी रिंगणाजवळच्या रांगेत बसले होते. हिरव्या मुखवट्याचा एक तरुण पोरगा खाली दबला होता आणि वरचा रुदो पंचाच्या आडून त्याच्या डोक्यामागची नाडी सोडत होता. मुखवट्याला मागे बुटासारखी ओवलेली नाडी असते, आणि समोरच्याचा मुखवटा ओढून काढणं हा सरळ बाद होण्याचा गुन्हा आहे. नाडीचं एकेक घर सुटत गेलं. पोराने एका हाताने मुखवटा कपाळावर घट्ट दाबून धरला आणि दुसऱ्या एकाच हाताने लढू लागला. इतकं दाबलं होतं त्याने की बोटांची पेरं पांढरी पडलेली मला दिसत होती. त्याला दोन्ही हात वापरून सुटता आलं असतं, पण त्याने तसं केलं नाही. तो चित झाला, बाद झाला, आणि बोगद्याकडे जाताना एका सहकाऱ्याने त्याच्या डोक्यावर टॉवेल टाकला. माझ्या शेजारी घरमालकीणबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, रुदोंच्या पक्क्या चाहत्या असूनही.

मराठी माणसाला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: ही नुरा कुस्तीच ना? निकाल आधी ठरलेले असतात, हे तिथे कुणी लपवत नाही आणि त्यावर वादही घालत नाही. पण परवाना मिळवायला तालमीत वर्षं घालवून परीक्षा द्यावी लागते, दोऱ्यांमधून सूर मारून रिंगणाबाहेरच्या माणसावर पडणं खरं असतं, आणि मोडणारी हाडंही खरी असतात. मार्च 2015 मध्ये तिहुआना शहरात पेर्रो आग्वायो या नामांकित पैलवानाचा नामांकित मुलगा रिंगणातल्या दुखापतीने मरण पावला. मुखवटा गेल्यावर नावासह आयुष्याची कमाईही जाते, ती परत येत नाही. यापुढे नुरा या शब्दाने काय सांगून होतं, मला कळत नाही.

सांतोचा धाकटा मुलगा वडिलांचा मुखवटा घालून 1982 पासून ‘एल इहो देल सांतो’, म्हणजे सांतोचा मुलगा, या नावाने खेळू लागला. त्याचा खरा प्रतिस्पर्धी नेग्रो कासास. सप्टेंबर 1997 मध्ये, स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, त्याने मुखवटा पणाला लावला आणि कासासने केस. कासास हरला आणि भर आखाड्यात त्याचं डोकं भादरलं गेलं. पुढे याच कासासने प्रतिस्पर्ध्याच्या बापाच्या नावाची ही स्पर्धा जिंकली. मिस्तिको या उडत्या डावांच्या तेक्निकोने तर ती एकाहून अधिक वेळा जिंकली, आणि त्या काळात अरेना मेहिको पुन्हा खचाखच भरू लागला. लढत फार रंगली तर तिथले लोक रिंगणात नाणी आणि नोटा फेकतात, आपल्याकडे मैदानात रंगलेल्या कुस्तीवर बक्षिसं पडतात तशीच. दोन्ही पैलवान ती मिळून गोळा करतात.

2018 मध्ये मेक्सिको शहराच्या सरकारने या कुस्तीला शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. चांगलं झालं, पण हा वारसा टिकतो तो तिकीट काढून येणाऱ्यांमुळे. मेक्सिको शहरात जाणं झालं तर पिरॅमिड बघाच, पण एक शुक्रवारची संध्याकाळ अरेना मेहिकोसाठी राखून ठेवा. दारात मुखवट्यांचे ठेले लागतात, त्यांत रुपेरी मुखवटा सगळ्यात आधी दिसेल. मुलांसाठी एक घ्या. आणि खेळ संपल्यावर बाहेर एखादा मुखवटाधारी भेटला तर त्याच्यासोबत फोटो काढा, त्याचं खरं नाव मात्र विचारू नका.