वेग कुणाचा, वेळ कुणाची?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी रेल्वे आली. चौदा डबे आणि आत सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे. नव्या गाडीत आधी कोण बसते, हे ठाण्याने तेव्हाच पाहून ठेवले आहे. आता त्याच ठाण्यात बुलेट ट्रेन येऊ घातली आहे आणि तिच्यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत.

निमित्त झाले एका प्रदर्शनाचे. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये प्लॅस्टिकच्या विटा एकमेकींत अडकवून केलेल्या वस्तू मांडल्या होत्या. आम्ही सहकुटुंब गेलो. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ साली या विटेचे पेटंट घेतले. तेव्हाची वीट आजच्या विटेतही बरोबर बसते. विटांच्या खोक्याची किंमत पाहून आम्ही तो मुकाट्याने जागेवर ठेवला, ते असो. एका टेबलावर खांबांवरून जाणारी पांढरीशुभ्र, लांब नाकाची बुलेट ट्रेन होती. आमच्या नऊ वर्षांच्या नातीने ती वाकून वाकून पाहिली आणि विचारले, "आजोबा, दारात कुणीच कसं लटकलेलं नाही?"

घरी येईपर्यंत वाद पेटला होता. पुतण्या इंजिनीअर आहे. तो म्हणाला, "काका, नवं काही आलं की आपण निषेधाचाच बोर्ड लावायचा का? जपानमध्ये ही गाडी १९६४ पासून धावते. रुळावरून घसरून किंवा टक्कर होऊन तिथं आजवर एकही प्रवासी मेलेला नाही." सून रोज दिव्याहून मुंबईला नोकरीला जाते. ती म्हणाली, "भाऊजी, एकदा सकाळी आठला दिव्याला गाडीत चढून दाखवा, मग जपानचं बोलू."

पुतण्याचे म्हणणे आम्ही उडवून लावणार नाही. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. यंत्राने राबणाऱ्या माणसाला कष्टातून मोकळे करावे, त्याला वाचायला, विचार करायला फुरसत मिळवून द्यावी, म्हणून त्यांना यंत्र हवे होते. चरख्याच्या गोडव्यांना ते भुलले नाहीत. तेव्हा गाडी ताशी ३२० किलोमीटरने धावणार, याचे आम्हाला वावडे नाही. पण ती वाचवणार कुणाची वेळ? मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटर अंतर दोन-अडीच तासांत कापणाऱ्या व्यापाऱ्याची. कसारा, टिटवाळा, बदलापूरहून येणाऱ्या कामगाराचे रोज तीन-चार तास गाडीत जातात. त्याच्या फुरसतीचा हिशेब कुणाच्या वहीत आहे?

पैशाचे पाहा. मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा. त्यातले सुमारे ८१ टक्के जपानचे कर्ज, व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत. कर्ज स्वस्त आहे, मान्य. पण भागभांडवलापोटी महाराष्ट्राने ५ हजार कोटी द्यायचे आणि गुजरातनेही तेवढेच. बारा स्थानकांपैकी महाराष्ट्रात चार, गुजरातेत आठ!

१४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला या प्रकल्पाची कोनशिला बसली. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ माणसे मेली. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० जणांचा जीव गेला, हा आकडा उच्च न्यायालयापुढे आला. आणि ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा-मुंब्रा दरम्यान दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यातले चौघे त्याच दिवशी गेले. ठाण्याचे बुलेट स्थानक कुठे होणार? म्हातार्डीला. म्हणजे याच दिव्याच्या शेजारी.

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका जेमतेम नऊ-दहा किलोमीटरची. पायाभरणी २००८ ची, लोकार्पण फेब्रुवारी २०२२ मध्ये. चौदा वर्षे! कळवा-ऐरोली उन्नत मार्ग झाला तर कल्याणकडचा माणूस ठाण्याची गर्दी टाळून थेट नवी मुंबईला जाईल. त्यासाठीचे दिघा गाव स्थानक २०२४ च्या जानेवारीत सुरूही झाले, पण मार्ग मात्र कळव्याच्या झोपडीधारकांच्या पुनर्वसनापाशी वर्षानुवर्षे अडकला. झोपडीवाल्याला कुठे नेऊन बसवायचे, एवढे ठरवायला जपानचे तंत्रज्ञान लागत नाही.

जमिनीचेही तेच. पालघरच्या कित्येक आदिवासी गावांनी ग्रामसभांतून विरोध नोंदवला. भिवंडीत अंजूर-भरोडीला डेपोसाठी जमीन गेली. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मोबदला. त्याच शेतात मजुरी करणाऱ्याचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्या जमिनीवर तीन वर्षे पोट भरणाऱ्या भूमिहीन कुटुंबालाही बाधित मानले आहे. हे कलम आपल्या किती कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन सांगितले? बुलेट ट्रेनवर भाषणे मात्र पुष्कळ झाली.

पुतण्याचा शेवटचा मुद्दा आम्हाला पटला. तो म्हणाला, "बुलेट ट्रेन थांबवून लोकल वाढत नाही, काका. लोकल मागावी लागते." दिव्याहून सुटणारी सीएसएमटी लोकल हवी, ही दिवेकरांची मागणी फार जुनी आहे. तेव्हा कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण येथील मंडळांनी आणि महिला मंडळांनी येत्या रविवारपासून सह्या गोळा कराव्यात. निवेदनाचा मसुदा सूनबाईने लिहून ठेवला आहे.