लिहिणाऱ्यासाठी घरात एक कोपरा

रात्री साडेदहाला पोरगी वही काढून बसली, की घरातून आवाज येतो, "लाईट बंद कर, मला सकाळी पहिली पाळी आहे." आम्हीही असे बोललेलो आहोत. बोलणाऱ्याचे अगदीच चुकते असे नाही. एका खोलीत सहा माणसे, त्यात झोपायचे कुठे आणि लिहायचे कुठे? पण वाचकहो, ज्यांची पुस्तके आज आपण अभिमानाने दाखवतो, त्यांच्याकडे तरी वेगळी खोली कुठे होती?

अण्णा भाऊ साठे वाटेगावच्या शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. वडिलांबरोबर पायी मुंबईला आले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहत अक्षरे जोडायला शिकले. हमाली केली, गिरणीत काम केले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहणाऱ्या या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आपण जे आयुष्य काढले, डोळ्यांनी पाहिले, त्यापलीकडचे आपल्याला लिहिता येत नाही, असे ते आपल्या लिखाणाविषयी सांगत. म्हणजे आपली वस्ती, आपले कष्ट, हेच त्यांचे भांडवल. ते आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

बाबुराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. लहानपणी मुंबईला माटुंगा लेबर कॅम्पात आले. पुढे सुरतेला रेल्वेत नोकरी लागली, पण खोली मिळावी म्हणून तिथे जात लपवावी लागली. ते ओझे सहन होईना, तेव्हा नोकरी सोडून परत आले. १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, १९७० साली 'सूड' ही कादंबरी.

हे झाले पुरुषांचे. बाईच्या लिहिण्याला तर दुहेरी कुलूप. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी लिहिले ते आत्मकथन, पण त्यांची हकिकत प्रत्येक घरात वाचायला हवी. त्या किराणा मालाचे छोटे दुकान चालवत. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद आधी वाचून काढत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत आणि लिहिलेले घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून लपवून ठेवत. एक-दोन नव्हे, वीस वर्षे! ते 'जिणं आमुचं' या नावाने १९८६ साली पुस्तकरूपाने आले. २००८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. बाहेरच्या जगाने ते वाचले, पण लिहिताना भीती होती ती घरच्यांचीच. याचा विचार आपण करायला नको का?

परळच्या चाळीतील एकाच खोलीत रामजी सुभेदार लहानग्या भीमरावांना लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्यांना अभ्यासाला उठवत. खोली तीच होती, जागाही तेवढीच. बापाने आपली झोप दिली, एवढाच फरक.

म्हणून आमची विनंती आहे. घरात कोणी लिहीत असेल, तर त्याच्या वह्या रद्दीत टाकू नका. खिडकीजवळचा एक कोपरा आणि अर्धा तास त्याला द्या. मुलगी लिहीत असेल, तर त्या वेळची भांडी भावाने घासावीत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर कुणा एकाला आपले लिखाण वाचून दाखवू द्या. चुकले तर हसू नका.

आजी-आजोबांनी सोसलेले उद्या सांगणार कोण? उसाच्या फडातले, गोदीतले, गिरणीतले दिवस त्यांच्याबरोबर संपून जातील. ते उतरवून घेणारा हात कदाचित आपल्याच घरात आहे. आज रात्री लाईट बंद करण्याआधी आपण सर्वांनी थोडे थांबावे.