भ्रमणध्वनीचा आवाज आणि ‘गुप्त’ कोड

भ्रमणध्वनीवरचे बोलणे नीट ऐकू येत नाही, ही अनेक ज्येष्ठ ग्राहकांची नेहमीची तक्रार. बँकेच्या दृष्टीनेही ती क्षुल्लक नव्हे. फोनवरून ऐकविला जाणारा ओटीपी टिपताना एक आकडा चुकला तरी व्यवहार अडतो. अशा वेळी कोणीतरी जाणकार ‘गुप्त कोड’ सुचवितो.

असे कोड खरोखरच असतात. मीडियाटेक कंपनीची चिप असलेल्या अनेक अँड्रॉइड संचांत *#*#३६४६६३३#*#* दाबल्यास तंत्रज्ञांसाठी राखून ठेवलेला विभाग उघडतो. (जुन्या कळफलकावरील अक्षरांशी हे आकडे जुळविल्यास ‘एन्गमोड’ हा शब्द तयार होतो!) तेथे संभाषण, हेडफोन व लाउडस्पीकर यांच्या आवाजाची मूल्ये स्वतंत्रपणे दिलेली असतात, जुन्या संचांत ती ० ते २५५ या कक्षेत बदलता येत. परंतु निर्मात्याने ठरविलेले मूल्य त्या चिमुकल्या स्पीकरची कुवत पाहूनच ठरविलेले असते. त्यापलीकडे गेल्यास आवाज फाटतो, आतील बारीक तारेचे वेटोळे तापते आणि प्रसंगी जळते. शिवाय फाटलेला आवाज कितीही मोठा असला, तरी त्यातील शब्द उमगत नाहीत. म्हणूनच हा मार्ग आम्ही सुचविणार नाही.

त्याआधी साधे उपाय करून पाहावेत. रिंग, संगीत व संभाषण यांचे आवाज वेगवेगळे असतात. संभाषणाचा आवाज बोलणे चालू असतानाच बाजूच्या कळीने वाढवावा. कानाजवळच्या जाळीत धूळ साचते, ती कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडावी. पडद्यावर चिकटविलेली संरक्षक काच त्या जाळीवर आली नाही ना, हेही पाहावे. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्यांनी हेडफोन वापरताना ‘ॲक्सेसिबिलिटी’मधील ‘मोनो ऑडिओ’ सुरू करावा, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात मिळतो. मात्र हेडफोनचा आवाज बेताचाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित आहे. ९० डेसिबलला हीच मुदत अवघी ४ तास उरते.

कोडचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. ‘नेटवर्क सुधारून देतो’ असे सांगून अनोळखी व्यक्ती *४०१* व त्यापुढे दहा आकडी क्रमांक दाबावयास लावते. त्यायोगे आपले येणारे कॉल, आणि कॉलवरून येणारा ओटीपीही, त्या क्रमांकाकडे वळतात. या फसवणुकीमुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोडद्वारे कॉल वळविण्याची सोय स्थगित करण्याचा आदेश कंपन्यांना दिला. तरीही आपणांस येणारे कॉल अचानक थांबल्यास कॉल सेटिंग्जमधील ‘कॉल फॉरवर्डिंग’ तपासावे. तेथे अपरिचित क्रमांक आढळल्यास तो काढून टाकावा व शाखेस त्वरित कळवावे. खात्यातून रक्कम गेली असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.