सरड्यांचा बंदिस्त निवास

सरड्यांचा बंदिस्त निवास : पाळलेल्या सरड्याला त्याच्या नैसर्गिक अधिवासातील उष्णता, प्रकाश, आर्द्रता व निवारा मिळावा अशा रीतीने रचलेली पेटी किंवा पिंजरा. अशा काचेच्या पेटीला टेरॅरियम असेही म्हणतात. सरडे, पाली, सापसुरळ्या व घोरपडी या सर्वांसाठी येथे ‘सरडा’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. बंद काचपात्रात सजीवांचे संगोपन करण्याच्या पद्धतीचा पाया लंडन येथील वैद्य नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड यांनी घातला. १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश ओल्या मातीसह एका बंद बाटलीत ठेवला असता त्या मातीत नेचे व गवत उगवल्याचे त्यांना आढळून आले. वनस्पतींसाठी निघालेली ही पेटी पुढे लहान प्राण्यांसाठीही वापरात आली.

जीवशास्त्रीय आधार : सरडे अनियततापी आहेत; म्हणजे त्यांच्या शरीराचे तापमान सभोवतालच्या तापमानानुसार बदलते. रानातील सरडा सकाळी दगडावर किंवा कुंपणावर ऊन खातो व दुपारी सावलीत शिरतो. पचन, हालचाल व रोगप्रतिकार या सर्व क्रिया त्याच्या या निवडीवर अवलंबून असतात. पेटीत ही निवड मालक जेवढी उपलब्ध करून देईल तेवढीच प्राण्याला मिळते. त्यामुळे संपूर्ण पेटी एकाच तापमानाची असणे हा रचनेतील सर्वांत मोठा दोष होय. अशा पेटीतील सरडा लगेच मरत नाही. त्याची भूक मंदावते, अन्न पचत नाही व तो काही महिन्यांत हळूहळू खंगतो. बाहेरून मात्र तो ‘शांत’ झाल्यासारखा दिसतो.

कायदेशीर मर्यादा : भारतातील घोरपड (व्हॅरॅनस बेंगालेन्सिस) ही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा तीन ते सात वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हत्ताजोडी’ या नावाने वनस्पतीची मुळी म्हणून विकले जाते. तो व्यापारही याच कायद्याखाली येतो. परदेशी जातींपैकी ज्या वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या परिशिष्टांत आहेत (उदा., हिरवा इग्वाना), त्यांचा समावेश २०२२ च्या दुरुस्तीने नव्या चौथ्या अनुसूचीत करण्यात आला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. असे प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करण्याविषयीचे नियम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्राणी घेण्यापूर्वी त्याच्या जातीचे या अनुसूचींतील स्थान पडताळणे आवश्यक असते.

आकार : पेटीचा आकार पिल्लावरून न ठरविता पूर्ण वाढलेल्या प्राण्यावरून ठरवावा लागतो. जमिनीवर वावरणाऱ्या बिबट्या पालीस (यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) सु. ९० × ४५ × ४५ सेंमी. व ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्यास (पोगोना व्हिटिसेप्स) सु. १२० × ६० × ६० सेंमी. पेटी पुरते. वृक्षवासी हिरवा इग्वाना शेपटीसह दीड मी. वा त्याहून अधिक लांब होतो. त्याला पुरुषभर उंचीचा व भक्कम फांद्या असलेला पिंजरा, म्हणजे जवळजवळ एक लहान खोलीच, लागते. विक्रीच्या वेळी वीतभर असलेल्या या प्राण्याची पुढे होणारी आबाळ बहुधा या वाढीचा अंदाज न घेतल्यामुळे होते.

उष्णता : पेटीच्या एका टोकाला दिवा लावून ते उष्ण व दुसरे शीत ठेवतात. बिबट्या पालीस उष्ण टोकाशी ३१°—३४° से. व शीत टोकाशी २४°—२६° से. तापमान मानवते. दाढीवाल्या सरड्याला ऊन खाण्याची जागा ३८°—४२° से. इतकी तापलेली लागते. दिवा जाळीने झाकावा व तापनियंत्रकास जोडावा. विजेवर तापणारे कृत्रिम दगड टाळावेत. सरड्याला पोटाखालील अतिरिक्त उष्णतेची जाणीव वेळेवर न झाल्याने त्यांवर तो भाजतो.

प्रकाश : दिवसा वावरणाऱ्या सरड्यांना जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील) किरणांची गरज असते. सु. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांमुळे त्वचेत ड३ जीवनसत्त्वाची निर्मिती सुरू होते व त्यामुळे अन्नातील कॅल्शियमाचे शोषण होते. हे किरण न मिळाल्यास मुलांतील मुडदुसासारखा अस्थिविकार होतो. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात व शेवटी झटके येतात. खिडकीच्या साध्या काचेतून हे किरण फारसे येत नाहीत. म्हणून काचेआडचे ऊन निरुपयोगी ठरते. विशेष नळीदिवा वापरल्यास तो वर्षाच्या आत बदलावा लागतो, कारण दिसणारा उजेड कायम राहिला तरी जंबुपार किरणांचे उत्सर्जन घटत जाते.

हवामान व रचना : पेटीविषयीची बहुतेक माहितीपुस्तके यूरोप-अमेरिकेतील थंड घरे गृहीत धरतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या ठिकाणी प्रश्न वेगळा असतो. येथे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या किंवा कौलारू घरात शीत टोक थंड ठेवणे हेच कठीण असते, तर जून ते सप्टेंबरपर्यंत हवा सतत दमट असते. बिबट्या पाल व दाढीवाला सरडा हे कोरड्या प्रदेशांतील प्राणी असून त्यांना सु. ३०—४० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पावसाळ्यातील ओलाव्याने त्यांना त्वचेचे व श्वसनमार्गाचे विकार जडतात. म्हणून अशा प्रदेशात पूर्ण काचेच्या पेटीऐवजी दोन बाजूंना जाळी असलेली लाकडी पेटी श्रेयस्कर ठरते. ती जमिनीपासून उंच व भिंतीपासून थोडी दूर ठेवतात. काचपेटी उन्हात ठेवू नये. आतील हवा थोड्याच वेळात प्राणघातक होण्याइतकी तापते. वीज खंडित झाल्यास उन्हाळ्यात ओले फडके जाळीवर टाकणे व हिवाळ्यात पेटी घोंगडीने सैल झाकणे हे साधे उपाय आहेत.

अंतर्भाग, अन्न व स्वच्छता : तळाशी सुटी वाळू घालण्याचा प्रघात सदोष आहे. अन्नाबरोबर गिळलेली वाळू आतड्यात साठून मार्ग बंद होऊ शकतो. कागद किंवा सपाट फरशी अधिक सुरक्षित असते. दोन्ही टोकांना लपण्याची जागा द्यावी; बिबट्या पालीस कात टाकण्यासाठी ओलसर शेवाळ ठेवलेली एक ढोली लागते. दोन नर एकत्र ठेवू नयेत. कीटकभक्षक जातींना पैदास केलेले रातकिडे कॅल्शियमाची पूड लावून देतात. हिरवा इग्वाना शाकाहारी आहे. फवारणी केलेल्या शेतातील कीटक कटाक्षाने टाळावेत. अमेरिकेतील काजवे खाऊन दाढीवाले सरडे दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मृगाच्या सुमारास या भागात चमकणारे काजवेही खाद्य म्हणून वापरू नयेत. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून हाताळणीनंतर साबणाने हात धुवावेत व पेटीची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत.

नको झालेला परदेशी सरडा रानात सोडणे हा उपाय नव्हे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात व प्वेर्त रीको बेटावर सुटलेले हिरवे इग्वाना उपद्रवी ठरले आहेत. सरड्यांच्या निरीक्षणाची आवड मात्र पेटीशिवायही भागते. परसातील निरगुडीचे कुंपण, दगडांची एक रास व कीटकनाशकमुक्त जागा एवढे असल्यास सामान्य सरडा (कॅलोटिस व्हर्सिकलर) तेथे आपण होऊन येतो. विणीच्या हंगामात लाल होणारा नराचा गळा व ओल्या जमिनीत खड्डा खणून अंडी घालणारी मादी तेथे सहज पाहता येते. ऊन व सावली यांची निवड तेथे तो स्वतःच करतो.