दालनातील मोटार

शिरपूर हे गाव मुंबई-आग्रा हमरस्त्यावर वसलेले असल्यामुळे आमच्या विद्यार्थ्यांस मोटारींचे नावीन्य फारसे नाही. मालमोटारींच्या फळ्यांवरील वेलबुट्टी, आरशांस बांधलेले गोंडे, मागील बाजूची ठळक अक्षरे हे सर्व ते नित्य पाहतात. परंतु धावती गाडी पाहणे निराळे, आणि एखाद्या कारागिराने आपल्या कल्पनेप्रमाणे घडविलेली गाडी चार भिंतींच्या आत स्वस्थ उभी असलेली पाहणे निराळे. अशी मोटार दालनात कशी मांडावी, हे आज थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

दिल्लीच्या प्रगती मैदानात २०१२ साली भरलेल्या ‘ऑटो एक्स्पो’ प्रदर्शनात रचनाकार दिलीप छाब्रिया यांनी ‘अवंती’ नावाची मोटार प्रथम लोकांपुढे ठेविली. त्यापूर्वी अनेक वर्षे त्यांचा कारखाना इतरांच्या मोटारींस नवे रूप देत असे. पुढे ‘अवंती’ विक्रीस आली, तेव्हा तिचे इंजिन रेनॉ ह्या फ्रेंच कंपनीचे होते. अंग एकाचे व इंजिन दुसऱ्याचे, ह्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ते उघडपणे सांगितले पाहिजे.

दुसरे उदाहरण आम्हांस अधिक जवळचे वाटते. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव जे सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे, तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील वस्तू जमवून, सुमारे ६०,००० रुपये खर्चून, एक लहानशी चारचाकी तयार केली. दुचाकीप्रमाणे पायाने किक मारली की ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची वार्ता देशभर पसरली. ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील, असे उद्योगपती आनंद महिंद्र यांनी स्पष्ट सांगितले व तिच्या बदल्यात बोलेरो गाडी देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल झाली, आणि लोहारांची कृती चेन्नईजवळील महिंद्र कंपनीच्या संशोधन केंद्रातील संग्रहासाठी स्वीकारण्यात आली. रस्त्याने जिला वाट दिली नसती, तिला संग्रहाने मानाचे आसन दिले.

आता मांडणीकडे वळू. प्रथम दाराची रुंदी व जमिनीची बळकटी पाहावी. मोटारीचे वजन सहज हजार किलो भरते, आणि ते सारे चार चाकांच्या चार लहान टेकूंवर पडते. गाडी शक्यतो ढकलूनच आत आणावी. बंद जागेत इंजिन चालविल्यास कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू साठतो. त्यास रंग नाही व वासही नाही, म्हणूनच तो अधिक घातक होय.

टाकीत इंधन अगदी थोडे ठेवावे व तिचे झाकण बंद करून कुलूप लावावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. यास्तव टाकी रिकामी करण्याचे काम दालनात कधीही करू नये. बॅटरीची तार सोडवून ठेवावी, चाकांस उटी लावावी, इंजिनाखाली तेल टिपण्यासाठी परात ठेवावी, आणि अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. बाहेर पडण्याची वाट गाडीने अडता कामा नये. हे झाल्यावरच दिवे, सतरंजी व गाडीचा तळ दिसावा म्हणून खाली ठेवावयाचे आरसे ह्यांचा विचार करावा.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रदर्शनात वाहवा मिळाली म्हणून गाडी रस्त्यावर नेण्याची मुभा मिळत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकास करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठामपणे सांगितली. आमच्या हमरस्त्यावरील वेग ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ह्या नियमाचे कारण वेगळे सांगावयास नको.

शेवटी गाडीपुढील पाटीविषयी. गतवर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने प्रदर्शनासाठी जुन्या जीपचे नवे रूप मांडण्याचे योजिले व पाटीचा मसुदा आम्हांस दाखविला. निर्माता म्हणून त्यात त्याचेच नाव होते. “जोडकाम कोणी केले?” असे आम्ही विचारले. “वडिलांनी, सर,” तो म्हणाला, “पण ते साधे मिस्त्री आहेत. त्यांचे नाव कशाला?” आम्ही त्यास काही बोललो नाही, फक्त वडिलांस घेऊन येण्यास सांगितले. ते आले, आणि कोठला सांधा का निसटला व तो पुन्हा कसा जोडला, हे त्यांनी तासभर समजावून सांगितले. मुलगा खाली पाहत ऐकत होता. दुसऱ्या दिवशी पाटीवर वडिलांचे नाव प्रथम होते. त्याखाली, “रंगकाम व मदत” ह्या शब्दांपुढे, त्याचे स्वतःचे.

पाटी खरी असली म्हणजे गाडी झाकण्याचे कारण उरत नाही. तिचे बॉनेट खुशाल उघडे ठेवावे.