पीडीएफवरील स्वाक्षरीविषयी
सभेचे इतिवृत्त आम्ही सभासदांस पीडीएफ स्वरूपात पाठवितो. अ‍ॅडोबी रीडरमध्ये ते उघडून दुरुस्ती टिपणाने सुचवावी. मूळ मजकूर अबाधित राहतो. स्वाक्षरी मात्र टिपणांचा निर्णय झाल्यावरच करावी.

कागदावरील सहीचे चित्र चिकटविणे ही डिजिटल स्वाक्षरी नव्हे. ते चित्र कोणीही उचलून अन्य ठरावाखाली लावू शकतो, आणि देवस्थानच्या ठेवींचा प्रश्न असता हे भय लहान नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्य केलेली स्वाक्षरी प्रमाणपत्रावर आधारित असते. नंतरचा फेरफार तपासणीत उघड होतो. छापील प्रतीवर ही तपासणी होत नाही, म्हणून मूळ फाइल जपावी.

मृत्युपत्रास हा कायदा लागू नाही. त्याद्वारे दान देऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी कागदावर शाईनेच सही करावी, ही विनंती.